झोपलेल्याला उठवायचं नाही

ती गेली त्या मंगळवारी, ती गेल्याचं कळायला सगळ्यांनाच तासभर उशीर झाला. वर्गातल्या एकोणीस पोरापोरींना झाला, शिकवणाऱ्या बाईंना झाला, आणि नवऱ्याला तर सगळ्यांत शेवटी कळलं.

नवरा लिफ्ट दुरुस्तीतला माणूस. एकतीस वर्षं दोर, पुल्या आणि ब्रेक यांच्यात काढलेली. एखादी गोष्ट का अडली हे कळेपर्यंत त्याला चैन पडत नसे. बायको टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली आणि दुसऱ्याच महिन्यात तिने विद्यापीठात नाट्यशास्त्राच्या पदवीला नाव घातलं. वय अठ्ठावन्न. तो म्हणाला होता, आता या वयात कॉलेजात जाऊन काय दिवे लावणार आहेस? ती म्हणाली, स्टेजवरचे. त्यानंतर रोज सकाळी नऊच्या बसने ती जायची, पाठीवर सॅक, पायात पोरींसारखे कॅनव्हासचे बूट. वर्गातली मुलं तिला मावशी म्हणत. ती सगळ्यांना अरे-तुरे करायची, त्यांच्या डब्यातलं खायची आणि घरी येऊन त्यांच्या नकला करून दाखवायची.

विभागाची तालमीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. लाकडी जमीन, खिडक्यांना काळे पडदे, वर दोन हळू फिरणारे पंखे. सकाळी अकराला तिथे एक व्यायाम असे. सगळ्यांनी जमिनीवर उताणं पडायचं, डोळे मिटायचे, वीस मिनिटं फक्त श्वास ऐकायचा. बाई मधून मधून हलक्या आवाजात बोलत राहायच्या, हात सोडा, जबडा सोडा, कपाळ सोडा. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी जमिनीवर पडे आणि वीस मिनिटांत एकेकाच्या अंगावरून सरकत जाई. या व्यायामात कुणाला झोप लागली तर त्याला उठवायचं नाही, हा बाईंचा नियम. अंग खरोखर सैल झालं तरच अशी झोप लागते, ती मोडायची नसते, असं त्या सांगत. बाकीचे उठून झोपलेल्याच्या आजूबाजूने तालीम करत, त्याच्या अंगावरून पाय टाकून जात, आणि तो जागा झाला की टाळ्या वाजवत.

त्या मंगळवारी मावशी उठल्या नाहीत. कुणीतरी हळूच म्हणालं, मावशींना पहिल्यांदाच लागली. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. कुणीतरी तिच्या पायांवर शाल टाकली. मग पाऊण तास तिच्याभोवती नाटकाची तालीम चालली. बारा वाजून गेल्यावर पुढच्या तासाची मुलं दारात येऊन उभी राहिली, तेव्हा बाई तिच्याजवळ खाली बसल्या.

डॉक्टरांनी लिहून दिलं, हृदय बंद पडलं, वेळ साधारण अकरा वाजून दहा मिनिटं. म्हणजे व्यायाम चालू असतानाच.

लेक दुसऱ्या गावाहून आली, आठवडाभर राहिली. जाताना म्हणाली, "बाबा, त्यांनी आईला तासभर तशीच ठेवली. तुम्ही लेखी द्या." विद्यापीठाने चौकशी लावली होती. बाईंची नोकरी त्या चौकशीवर टांगलेली होती आणि चौकशीवाल्यांना नवऱ्याचं निवेदन हवं होतं. पंधरा दिवसांची मुदत. कोरा कागद घेऊन तो तीनदा टेबलाशी बसला. डॉक्टर म्हणतात ते बरोबर असेल तर कुणीही काही करू शकलं नसतं. बरोबर नसेल तर ती तिथे जिवंत पडली होती आणि माणसं तिच्यावरून पाय टाकून जात होती. मधलं काही नव्हतं. शेवटी तो स्वतःच पाहायला गेला, जसा एखादी बंद लिफ्ट पाहायला जायचा.

बाई पन्नाशीच्या, बारीक, केस कापलेल्या. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि स्वतः उभ्याच राहिल्या. त्याने विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं सरळ उत्तर दिलं. पाय कुठे होते, डोकं कुठे होतं, पंखा चालू होता का. मग त्याने विचारलं, तिने काही हालचाल केली होती का? तेव्हा बाईंनी पहिल्यांदा नजर चुकवली. म्हणाल्या, हे तुम्ही आमच्या चिमणीलाच विचारा.

चिमणी म्हणजे नाटकाची प्रॉम्प्टर. एकोणीस वर्षांची, आवाज इतका बारीक की तिला स्टेजवर कुणी घेईना, म्हणून हातात संहिता देऊन स्टुलावर बसवलेली. तिचं काम एवढंच. कुणी वाक्य विसरला तर पुरवायचं, बरोबर म्हटलं तर त्या वाक्यापुढे पेन्सिलीने खूण करायची, आणि कुणी संहितेत नसलेलं काही बोललाच तर ते समासात जसंच्या तसं उतरवायचं. पाठांतराचे गुण त्या खुणांवर मिळत.

तिने संहिता त्याच्यासमोर उघडून धरली. नाटकात एक घरमालकीण आणि तिच्याकडे सात वर्षं राहून आता खोली सोडून जाणारा एक भाडेकरू, असा दहा पानांचा प्रवेश होता. घरमालकीण मावशींनी करायची. वर मंगळवारची तारीख होती आणि घरमालकिणीच्या वाक्यांपुढे एकाखाली एक खुणा होत्या.

"काका, त्या बोलल्या," चिमणी म्हणाली. "झोपल्या झोपल्या. आम्हाला वाटलं, गंमत करतायत."

सगळ्यांनी ऐकलं होतं. भाडेकरूचं काम करणारा उंच मुलगा, ज्याला सगळे लंबू म्हणत, तोही तिथे होता. तो म्हणाला, सुरुवातीला नव्हत्या बोलत, मी त्यांच्या वाक्यांची जागा सोडून पुढे जात होतो. पावणेबाराच्या सुमारास एकदम सुरू झाल्या. पण जमत नव्हतं. माझं वाक्य संपायच्या आधीच उत्तर द्यायच्या. कधी मी बोलून गप्प, तर कितीतरी वेळ काहीच नाही, आणि मग मध्येच. मला वाटलं, माझी फिरकी घेतायत.

तिचा आवाज कसा होता, त्याने विचारलं. मग चिमणीने करून दाखवलं. भराभर, एका सुरात, प्रत्येक वाक्याच्या शेवटी थोडं खाली उतरून.

वर्गात बायको कधीच अशी बोलली नसणार. वर्गात ती अभिनय करायची. हा आवाज घरचा होता. दुपारी पलंगावर डोळे मिटून पडायचं, त्याला संहिता घेऊन शेजारच्या खुर्चीत बसवायचं आणि पाठांतराची उजळणी करायची, तेव्हाचा. भाडेकरू तो वाचायचा. तिसऱ्या पानावर भाडेकरूचं वाक्य होतं, "खिडकी मी लावून घेतली आहे." तो हटकून "खिडकी मी उघडी ठेवली आहे" असं वाचायचा. का, ते त्याचं त्यालाच कळायचं नाही.

त्याने तिसरं पान उघडलं. समासात चिमणीच्या अक्षरात लिहिलं होतं, चुकलात. पुन्हा म्हणा.

"मी चुकलो नव्हतो," लंबू म्हणाला. "आणि काका, मावशी मला कधी अहो-जाहो करायच्या नाहीत."

तो खुणा पुढे पाहत गेला. आठव्या पानाच्या मध्यावर त्या थांबल्या होत्या. तिथून शेवटपर्यंत घरमालकिणीच्या वाक्यांपुढे काहीच नव्हतं.

घरी जाताना तो दोन थांबे आधीच बसमधून उतरला आणि चालत गेला. रस्ता नेहमीचाच होता, पण दुकानांची दारं, माणसांचे चेहरे, सिग्नलचे रंग सगळं काचेपलीकडे असावं तसं वाटत होतं. कुणी हाक मारली असती तर त्याला ऐकू आली नसती.

त्या मंगळवारी पावणेबाराला तो स्वयंपाकघरात होता. आदल्या संध्याकाळी ती त्याच्यावर चिडली होती. म्हणाली होती, तुम्ही नीट वाचत नाही म्हणून माझी वाक्यं पक्की होत नाहीत. म्हणून घरात कुणी नसताना तो मोठ्याने वाचत बसला होता. भाडेकरूची वाक्यं म्हणायची, तिच्या वाक्यांपुरतं थांबायचं, मनातल्या मनात ती धरायची, पुढे जायचं. खिडकीच्या वाक्याला तो चुकला. हसला, आणि पुन्हा म्हटलं. आठव्या पानाच्या मध्यावर दारावरची बेल वाजली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि आत खालच्या मजल्यावरची वहिनी होती. तो संहिता उपडी घालून गेला. वर आला तेव्हा फोन वाजत होता.

हे त्याने लेकीला सांगितलं नाही. तिला काय सांगणार होता?

पुढच्या मंगळवारी तो पुन्हा गेला. बाईंना म्हणाला, मला अर्धा तास खोली द्या, चिमणी लागेल, आणि लंबूला बसायचं तर बसू दे. बाईंनी कारण विचारलं नाही. त्यांनी पडदे सारखे केले, पंखे सुरू केले आणि स्वतः दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

जमीन नुकतीच पुसलेली होती, ओल्या लाकडाचा वास येत होता. तिची जागा कुणी दाखवायची गरज नव्हती. सगळी जण तिथून वळसा घालूनच चालत होती. उन्हाची पट्टी अजून भिंतीपाशी होती. तो खुर्ची घेऊन बसला, पलंगाशेजारी बसायचा तितक्याच अंतरावर. चिमणी स्टुलावर, मांडीवर तिची संहिता.

त्याने आठव्या पानाच्या मध्यापासून सुरुवात केली.

"चावी कुठे ठेवू?"

थांबला. पंख्याचा आवाज. खाली कुठेतरी कुणीतरी गाण्याची तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होतं. त्याला दुसरं काही ऐकू आलं नाही. घरमालकिणीचं वाक्य होतं, दाराला तशीच राहू द्या. ते त्याने मनात धरलं.

मग पेन्सिलीचा आवाज आला. छोटा, खरखरीत.

त्याने मान वर केली नाही. पुढचं वाक्य वाचलं. थांबला. पेन्सिल. पुढचं. पेन्सिल. वाक्यं त्याच्या तोंडून आपोआप सुटू लागली, त्याचा वेग वाढला, पान उलटताना कागद जरासा फाटला. तेव्हा चिमणीचा हात पुष्कळ वेळ हलत राहिला.

त्याने पाहिलं. तिने समासात लिहिलं होतं, घाई करू नका.

लंबूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. तो जमिनीकडे बघत होता.

"तुम्हाला येतंय ऐकू?" त्याने दोघांना विचारलं.

चिमणीने मान डोलावली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती घाबरलेली दिसत नव्हती. "तुम्हाला नाही येत?"

"नाही."

तो हळू वाचू लागला. नववं पान. उन्हाची पट्टी भिंत सोडून जमिनीवर आली होती. दहावं पान. भाडेकरूने पेटी उचलली, जिना पाहिला, सात वर्षांत एकदाही न विचारलेलं विचारलं, तुम्ही एकट्या राहाल ना नीट? पेन्सिल. खोलीत कुणीतरी संथ श्वास घेत होतं. कुणाचा होता तो? चौघांपैकी कुणाचाही असू शकला असता.

पानाच्या तळाशी दोनच वाक्यं उरली. भाडेकरू म्हणतो, निघतो मग. घरमालकीण म्हणते, आता दार ओढून घ्या. तिथे प्रवेश संपतो.

त्याने तोंड उघडलं.

पुन्हा मिटलं.

मिनिट गेलं असेल. दोन. चिमणीची पेन्सिल शेवटच्या वाक्यापुढे कागदाला टेकवून धरलेली होती.

"काका," ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "त्या तुमच्यासाठी थांबल्यात."

त्याने संहिता मिटली आणि उठला.

निवेदन त्याने दुसऱ्याच दिवशी लिहून दिलं. चार ओळी. डॉक्टरांनी दिलेली वेळ मला मान्य आहे, माझी कुणाबद्दल तक्रार नाही. बाईंची नोकरी राहिली. लेक महिनाभर त्याच्याशी बोलली नाही, मग बोलू लागली. विभागात घरमालकिणीचं काम दुसऱ्या मुलीला द्यायचं ठरलं होतं, पण एकही पोरगी ते घ्यायला तयार होईना, तेव्हा तो प्रवेशच नाटकातून काढला. अकराचा व्यायाम अजून होतो. झोपलेल्याला आता उठवतात.

निघतो मग, एवढं म्हणायचं त्याचं अजून राहिलं आहे.