खिळ्यावरचा बिल्ला

कातोवित्सेत तेव्हा सरकारी कचेऱ्यांकडे नुसतं पाहून सांगता यायचं, कोणती कोणत्या सालातली. जर्मनांच्या काळातल्या लाल विटांच्या, टोकदार मनोऱ्यांच्या. मग पोलंडचं राज्य आलं, तेव्हा दारापुढे जाडजूड खांब आले आणि माथ्यावर पंख पसरलेला गरुड. पुढे वर्षागणिक खांब बारीक होत गेले, गरुड लहान झाला, आणि शेवटी उरली सरळ गुळगुळीत दगडी भिंत, तिच्यात एकसारख्या खिडक्या. बांधकाम खात्याची नवी इमारत अशी होती. तिथे चौथ्या मजल्यावर ओतिलिया गावलिक नकाशे उतरवायची.

युद्धाआधीचा तो शेवटून दुसरा उन्हाळा. प्रांताने पंधरा वर्षांत काय काय बांधलं, त्याचं प्रदर्शन भरायचं होतं.

"आपल्याच इमारतीच्या उभ्या छेदाचा नकाशा चुकला तर वॉर्सावाले दात काढतील," इंजिनिअर रादोश म्हणाले. "पाळण्यांचा खड्डा कागदावर एक आहे आणि प्रत्यक्षात भलताच, असं ऐकतो. मोजून घ्या."

पाळणे म्हणजे तिथली लिफ्ट. दार नाही, थांबणं नाही. रहाटगाडग्यासारखी लाकडी खोक्यांची माळ दिवसभर एका बाजूने वर, दुसऱ्या बाजूने खाली. चालत्यात चढायचं, चालत्यात उतरायचं. जपमाळेसारखी फिरते म्हणून लोक तिला प्रार्थनेच्या नावाने 'पॅटरनॉस्टर' म्हणत. तळघराच्या खाली पाळणा चाकाला वळसा घालून पुन्हा वर यायचा. त्या वळणावर पाळण्यात राहायला बंदी होती.

"जा, जा," शेजारच्या टेबलावरची युस्तिना म्हणाली. "पाय वर, डोकं खाली अशी येशील. नवरा शोधायला सोपं जाईल, चेहरा दिसणार नाही."

ओतिलिया हसली, पण तळघरात जायचं ती टाळायची. ही इमारत बांधायला तिचे वडील होते. मंदीत खाणी बंद पडल्या, तेव्हा खाणीतलीच माणसं इथे पाया खोदायला आली आणि येताना खाणीची रीतही घेऊन आली. खाली उतरताना आपल्या नंबराचा पितळी बिल्ला फळीवरच्या खिळ्यावरून काढून खिशात टाकायचा, वर आलं की पुन्हा अडकवायचा. खिळा रिकामा, म्हणजे माणूस खाली. तेओफिल गावलिक एका संध्याकाळी घरी आला नाही. बिल्ला मात्र खिळ्यावर होता. म्हणजे वर आला आणि गेला. फ्रान्सच्या खाणीत पगार बरा म्हणून तेव्हा बरेच जण जात होते. काही जण बायको टाकूनही गेले. आईने त्याची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि पुन्हा कधी त्याचं नाव काढलं नाही. त्याची कबुतरं तेवढी राहिली. तो डब्यात वाटाणे खुळखुळवून त्यांना खाली बोलवायचा. तो डबा त्याच्या कोटाच्या खिशातच गेला. नंतर आईने किती हाका मारल्या, कबुतरं छपरावरून उतरेनात. दाणे ठेवून बाजूला झालं, की खायची.

तळघरात पाळण्यांना तेल घालायला मानेककाका होता, वडिलांचा खाणीतला जोडीदार. बिल्ल्यांची ती फळी त्याने कुणाला काढू दिली नव्हती.

"खड्डा मोजायचाय, काका. खालून एक फेरी मारते."

"मीच मोजून सांगतो की, पोरी."

"सही मला करायचीय."

तो आणखी काही म्हणायच्या आत ती खाली जाणाऱ्या पाळण्यात चढली.

उजेड सरकत वर गेला. चाकाची घरघर, ग्रीसचा वास. पाळणा थरथरत आडवा सरकू लागला. तिने दोरीला बांधलेलं वजन खाली सोडलं. दोरी सुटत गेली. सुटतच गेली. शेवटचं टोक बोटांत आलं तरी वजन टेकलं नाही.

मग वास बदलला. खाणकामगारांच्या कार्बाइडच्या दिव्याचा, ओल्या सिमेंटचा. आणि खालून, अगदी खालून, पत्र्याच्या डब्यात वाटाणे खुळखुळले. थांबले. पुन्हा खुळखुळले. कबुतरांना बोलवताना वाजवतात तसे, न घाई करता.

पाळणा वर आला तेव्हा तिच्या हातात नुसती दोरी होती. वजन नव्हतं.

"खाली कोण आहे, काका?"

"कुणी नाही. हातभर खड्डा, पुढे काँक्रीट."

"डबा वाजतोय. वाटाण्यांचा."

मानेककाकाच्या हातातली तेलाची झारी कलली. तेल बुटावर सांडत राहिलं, त्याला कळलं नाही.

"तूही ऐकलास," तो म्हणाला. "मला वाटायचं, मलाच ऐकू येतं."

"त्यांचा बिल्ला तर खिळ्यावर होता."

"मी अडकवला." तो फळीकडे पाहत राहिला. "म्हणाला, माझा घेऊन जा वर, हत्यारं गोळा करून आलोच. असं करायचं नसतं, पण सगळेच करायचो. सकाळी आलो, तर खड्डा काँक्रीटने भरून काढलेला. फळीवर सगळे बिल्ले जागेवर, कोण कशाला खाली बघतो? आणि मी म्हटलं, तेओफिल मला चकवून गेला फ्रान्सला. असंच म्हणत राहिलो."

"आई सात वर्षं त्यांना शिव्याशाप देतेय, काका!"

त्याने झारी खाली ठेवली. फडक्याला हात पुसले, टोपी नीट केली. फळीवरून आपला बिल्ला काढला, शेजारचा तेओफिलचाही काढला.

"जोडीदाराला खाली ठेवून वर येत नसतात," तो म्हणाला. "देव यश देवो, पोरी."

खाणीत उतरताना म्हणायचे तेच शब्द. तिने बाही धरेपर्यंत त्याचा पाळणा जमिनीखाली गेला होता.

ती दुसऱ्या बाजूला धावली. पाळणा वर आला. रिकामा.

त्यामागचा आला. तोही रिकामा.

तिने तांबडी कळ ओढली. माळ थांबली. वरून माणसं आली, दिवे आले. खड्डा हातभरच खोल निघाला. तळाशी कोरडं काँक्रीट, त्यावर तिचं वजन.

"मागच्या दाराने गेला असेल म्हातारा," कुणीतरी म्हणालं.

ओतिलियाने वळून फळीकडे पाहिलं. मानेककाकाचा खिळा रिकामा होता. शेजारच्यावर तिच्या वडिलांचा बिल्ला होता. तिने हात लावला. बोटाला ओलं सिमेंट लागलं.

ती चालतच घरी गेली. आईला कसं सांगायचं, हे वाटभर जुळवत होती. तो गेला नव्हता, आपल्याला टाकून गेला नव्हता. एवढंच आधी सांगायचं, असं तिने ठरवलं.

आई अंगणात उभी होती. छप्पर मोकळं होतं. सगळी कबुतरं खाली, तिच्या पायांशी.

"आलीस होय," आई म्हणाली. "मघापासून आत डबा काय वाजवत बसली होतीस?"