वजाबाकीत उरलेला आवाज

बहुपदी म्हटलं की लोकांना शाळेतला फळा आठवतो. संगणकाचं तसं नसतं. त्याच्या लेखी ती नुसती आकड्यांची रांग. पहिल्या जागेवर स्थिर पद, दुसरीवर क्षचा सहगुणक, तिसरीवर क्षच्या वर्गाचा, अशी. वजाबाकी करायची तर समोरासमोरचे आकडे वजा करायचे आणि रांगेच्या शेवटी शून्यं जमली तर ती कापून टाकायची. सगळीच शून्यं निघाली तर रांग रिकामी होते. अशा रिकाम्या रांगेची कोटी, म्हणजे क्षचा सर्वांत मोठा घात, मी आमच्या प्रोग्राममध्ये उणे एक धरली होती. शून्य धरली असती तर रिकामी रांग साध्या आकड्यांत मिसळली असती आणि पुढे सगळा घोळ झाला असता.

आमचं ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. माणसंही दोनच, मी आणि मास्तर. मास्तर पूर्वी गणित शिकवायचे आणि अजूनही समोरचा चुकला की आधी चष्मा पुसायचे. आजारपणात वाचा जाऊन पुन्हा बोलायला शिकणाऱ्यांसाठी आम्ही एक प्रोग्राम करत होतो. रुग्णाने एक वाक्य म्हणायचं, काही दिवसांनी तेच पुन्हा म्हणायचं. प्रोग्राम आवाजाच्या लाटेचे बारीक तुकडे करून प्रत्येक तुकड्याला एक बहुपदी बसवायचा, मग जुन्यातून नवं वजा करायचा. जे उरेल त्यावरून सुधारणा कळायची. बहुपदींपासून पुन्हा आवाजही तयार करता यायचा.

"आणि उरायलाच पाहिजे," मास्तर म्हणायचे. "जिवंत माणूस एक वाक्य दोनदा सारखं बोलत नाही. काहीच उरलं नाही तर समजा, एकच रेकॉर्डिंग दोनदा घातलंय."

चाचणीसाठी निरोगी आवाज हवा होता. माझा नवरा पुलाच्या कामावर परगावी असायचा आणि दुपारी फोन करायचा. त्याला विचारलं तर म्हणाला, "घे की. नाहीतरी घरात माझं ऐकतं कोण?" फोन ठेवताना तो दर वेळी एकच म्हणायचा, "सांभाळून राहा गं." त्या तीन शब्दांवर माझा उरलेला दिवस बरा जायचा, हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

एका दुपारी मी त्याच्या फोनवरून रेकॉर्ड केलेल्या कालच्या वाक्यातून आजचं वजा केलं. प्रत्येक तुकड्याची कोटी उणे एक आली.

मी आधी स्वतःलाच हसले. संगणकाचे दशांश जरा इकडेतिकडे घसरतात, म्हणून अगदी बारीक आकड्याला शून्य मानायची सूट द्यावी लागते. नवशिके ती सूट सैल ठेवतात आणि खरे आकडेही कापले जातात. माझी सूट सैल नव्हती, तरी मी ती पार काढून टाकली. उत्तर तेच आलं. मास्तरांनी स्वतः तेच वाक्य दोनदा म्हणून पाहिलं, तर ढीगभर उरलं. मग त्यांनी चष्मा पुसला.

"बाई, प्रोग्राम बरोबर आहे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "हे रेकॉर्डिंग असणार."

जिना उतरताना मला आठवलं, मागे नवऱ्याने माझ्याकडून प्रोग्रामची एक प्रत मागून घेतली होती. "बघू तरी, बायको दिवसभर काय उद्योग करते." मी कौतुकाने दिली होती. म्हणजे माझ्याच हत्याराने त्याने माझा गळा कापला होता. यंत्र माझ्याशी गोड बोलत होतं आणि हा तिकडे कुणाजवळ तरी बसून खराखुरा बोलत होता. रागापेक्षा लाज जास्त वाटली. एका यंत्राच्या बोलण्यावर मी दिवस बरे घालवले होते.

एक गोष्ट मात्र बसत नव्हती. मी फोनवर आडवेतिडवे प्रश्न विचारले, तर त्याने सगळ्यांची नीट उत्तरं दिली. निळी छत्री कपाटावर आहे म्हणाला, आणि ती होती. ते शेवटचं वाक्य म्हणताना एकदा त्याच्या मागे ट्रकचा हॉर्न वाजला, दुसऱ्या दिवशी नाही. तरीही शेवटच्या वाक्यांच्या वजाबाकीत हॉर्नसुद्धा उरला नाही.

सुट्टीला तो घरी आला. सकाळी स्वयंपाकघरात चहा घेत होता. मी लॅपटॉप रेकॉर्डिंगला लावून त्याच्यापुढे ठेवला.

"कोण आहे ती?"

"कोण ती?"

"मला वेड्यात काढू नकोस. फोनवर मला रेकॉर्डिंग ऐकवतोस आणि तू कुणाशी बोलतोस?"

त्याच्या चेहऱ्यावर ना राग, ना भीती. "अगं, तुझ्याशिवाय मला आहे कोण?"

"मग म्हण. फोन ठेवताना म्हणतोस ते, माझ्यासमोर."

"सांभाळून राहा गं."

"पुन्हा."

दुसऱ्यांदा म्हणताना त्याने कप खाली ठेवला. बशी वाजली. शेजारी कुणीतरी गादी झटकत होतं. त्याचे ओठ हलताना मी हातभर अंतरावरून पाहिले.

मी वजाबाकी केली.

रिकामी रांग. सगळ्या तुकड्यांत.

"झालं समाधान?" तो म्हणाला आणि कप विसळायला उठला.

मी लॅपटॉप उचलून आतल्या खोलीत गेले आणि दार लावलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने फोनवर सोडलेला एक निरोप मी जपून ठेवला होता. त्याच्याही शेवटी हेच वाक्य होतं. त्या वाक्यातून मी आताचं वजा केलं.

खूप उरलं. रांगा भरून आकडे.

डोळ्यांत पाणी आलं. त्या निरोपातला, तोच माझा नवरा. त्याच्यातलं काय गेलंय, ते तरी ऐकावं म्हणून मी उरलेल्या बहुपदींचा पुन्हा आवाज केला आणि हेडफोन कानाला लावले.

आधी श्वास. मग बोलण्याआधी तो अडखळायचा, तसं अडखळणं. मग नाकातल्या नाकात हसू. कितीतरी दिवसांत मी हे ऐकलं नव्हतं.

वाक्य संपलं.

आवाज संपला नाही.

भांडी सरकली. खुर्ची ओढली गेली. कुठल्या तरी घरात कुणीतरी बसलं होतं.

"तिला काही कळलं नाही ना?" त्याने हळूच विचारलं. इतक्या मायेने तो हल्ली माझ्याशी बोलला नव्हता.

"नाही," एक बाई म्हणाली आणि खळखळून हसली.

ते हसू मी लगेच ओळखलं. ते माझं होतं.

बाहेर नळ बंद झाला. मी हेडफोन काढले, आरशासमोर उभी राहिले आणि तसं हसून पाहिलं. मला जमलं नाही. पुन्हा हसले, तर आधीचंच हसू जसंच्या तसं बाहेर आलं.