हालेलुयाला उठायचं नाही

"सार्जंट, लवकर चला. नगारे कुणीतरी फाडलेत!"

पोलिसातली नोकरी सुटून वर्षं झाली, तरी गाव विल्फ्रेड सग्डनला सार्जंटच म्हणायचं. गुडघे कुरकुरत होते, नाक गळत होतं आणि संध्याकाळी चॅपलच्या गायकवृंदात हँडेलचा 'मसाया', म्हणजे ख्रिस्तावरची ती लांबलचक गीतमाला, गायचा होता. यॉर्कशरच्या त्या खोऱ्यात तो गायल्याशिवाय नाताळ आला असं कुणी मानत नाही. सुस्कारा टाकून त्याने कोट चढवला.

चॅपलमध्ये दोन्ही नगाऱ्यांचं चामडं कडेकडेने कापलेलं होतं. शेजारी त्यांचं आच्छादन व्यवस्थित घडी करून ठेवलेलं. सग्डन त्या घडीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

वृंदाचे नवे संचालक पेल्यू तापले होते. "किल्ली फक्त या बाईकडे असते. समितीला सांगून आजच हिला काढतो."

राखणदार नेली हर्स्टच्या तोंडचं पाणी पळालं. नोकरी गेली की चॅपलमागची खोलीही जाणार. विधवा बाईने ऐन थंडीत जायचं कुठे?

"दुपारी कोण आलं होतं, नेली?"

"हर्बर्ट एकटा. दरवर्षीसारखा, नगारे सुरात लावायला. तो गेला नि मी कुलूप घातलं."

"आत बघितलंस?"

"कशाला बघू? हर्बर्टच होता ना!"

हर्बर्ट ऍक्रॉइड तीस वर्षं ते नगारे वाजवत होता. त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे आईवर पोर पळवल्याचा आळ घेण्यासारखं होतं. नगारे फाटल्याचं कळवल्यावर तो पुन्हा आला होता आणि मागच्या खोलीत शेगडीपाशी बसला होता. हाताशीच किटली शिट्ट्या मारून उतू जात होती. शेवटी नेलीनेच धावत येऊन ती उतरवली.

सग्डन त्याच्या समोर बसला. "तू निघालास तेव्हा नगारे धड होते?"

"एकदम धड," हर्बर्ट त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाला.

"मग वैर कुणाचं?"

"त्या पेल्यूशी अर्ध्या गावाचं आहे. दारावरची पाटी वाचलीस ना?"

वाचली होती. 'हालेलुयाच्या वेळी श्रोत्यांनी बसून राहावे.' 'मसाया'तल्या त्या गाण्याला पणजोबांच्या काळापासून लोक उठून उभे राहत आले. पेल्यूंना तो खुळचटपणा वाटत होता.

सग्डनला एकदम थकल्यासारखं झालं. खरं काय ते कळलं की त्याला नेहमी असंच व्हायचं. तो उठून हर्बर्टच्या पाठीमागे गेला आणि म्हणाला, "हर्बर्ट, तुझ्या कोटाला आग लागलीय."

नेली दचकली, तेवढ्यात दारात आलेले पेल्यूही दचकले. हर्बर्ट शेगडीकडे बघत तसाच बसून राहिला.

"याला ऐकू येत नाही, पेल्यूसाहेब. चामडं बोटांनी चाचपून सूर लावत असणार. हालेलुयापर्यंत नगाऱ्याला काहीच काम नसतं. गाणं कुठवर आलंय ते याला कळणार कसं? गाणारे सारखे उठबस करतात, पण श्रोते एकदाच उठतात. ते उठले की हा ठोके मोजायला घ्यायचा. तुम्ही त्यांना बसवलंत."

"पण मी खूण केली असती!"

सग्डन हर्बर्टच्या समोर आला आणि ओठ दिसतील असं त्याने झालेलं सगळं बोलणं त्याला सावकाश सांगितलं.

"खूण मागायची तर बहिरा झालोय हे सांगावं लागलं असतं," हर्बर्ट म्हणाला. "कसं कळलं, विल्फ?"

"रागाने फाडणारा आच्छादनाची घडी घालत नाही."

हर्बर्टने मान खाली घातली. "सगळ्या गावापुढे चुकण्यापेक्षा नगारेच नकोत म्हटलं. नेली, तुझ्यावर येईल हे डोक्यातच आलं नाही गं."

"तुझं डोकं नगाऱ्यासारखंच, आतून पोकळ!" नेली म्हणाली आणि रडायला लागली.

नेलीला काढायचं पेल्यूंनी सोडून दिलं. पाटी काढायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

संध्याकाळी हर्बर्ट फाटक्या नगाऱ्यांमागे जाऊन बसला. सग्डन गाता गाता पुन्हापुन्हा त्याच्याकडे बघत होता. हालेलुया सुरू झाला. लोक पाटीप्रमाणे बसून राहिले.

मग वरच्या सज्जात नेली हर्स्ट एकटीच उठून उभी राहिली. तिच्या मागची रांग उठली आणि बघता बघता सगळं चॅपल उभं राहिलं.

हर्बर्टने मान वर केली. त्याचे ओठ हलू लागले. नगाऱ्यांची जागा आली, तेव्हा त्याच्या दोन्ही मुठी मांड्यांवर पडल्या, अगदी ठोक्यावर.