हाताला कोरडा

"मला पुरावा हवाय," मालकाने स्टुलाचा मोडका पाय टेबलावर आपटला. टाकाऊ बाटल्यांच्या चुऱ्यातून तो साच्यात स्टुलं काढायचा. "पंधरवडाभर माल ठिसूळ निघतोय. शाळेत स्टूल मोडून मास्तरांचा हात फ्रॅक्चर झाला. बाटल्या माझी थोरली बहीण निवडते. भलतं प्लास्टिक तिनेच मिसळलं. चारचौघांत तिची पिशवी उलटी करून तपासली आणि तिला कामावरून हाकललं मी."

गुप्तहेर बाईंनी पाय वाकवला. तो कडकन तुटला. आतून स्वच्छ, काळा ठिपका नाही की पापुद्रा नाही.

"घरचा भेदी," सोबतचे निवृत्त कंपाउंडर म्हणाले. औषध आधी देऊन रोग मग विचारायची त्यांची जुनी खोड.

कारखाना घराला चिकटूनच होता. "धुतलेला चुरा यात रात्रभर वाळतो," मालकाने ड्रायर दाखवला. बाईंनी बटण दाबलं. शेजारची भिंत थरथरली.

भिंतीपलीकडे निजायची खोली. तिथे मालकाची बायको म्हणाली, "नणंदबाई तशा नाहीत हो. यांचंच डोकं फिरलेलं, कित्येक महिने झोप नव्हती. पंधरवडा झाला, आता मस्त घोरतात."

बहीण आपल्या खोलीत खाली मान घालून बसली होती. "झाकणसुद्धा कधी बाटलीबरोबर जाऊ दिलं नाही मी. पण त्याला बोलू नका. बिचाऱ्याला झोप नसते."

संध्याकाळी बाईंनी नवरा-बायकोला ड्रायरपाशी बोलावलं.

"भलतं प्लास्टिक मिसळलं तर तुकड्यात जळके ठिपके दिसतात, नाहीतर पापुद्रे सुटतात. इथे दोन्ही नाही. म्हणजे निवड चोख. मग संशय ओलाव्यावर. ओला चुरा वितळला की त्याची ताकद जाते."

"हाताला तर कोरडा लागत होता," मालक बोलून गेला आणि थांबला.

"आतला ओलावा हाताला कळत नाही. आणि हा ड्रायर चालू असता तर पलीकडे कोणी घोरलं असतं का?"

"म्हणजे बंद होता?" कंपाउंडरांची आता ट्यूब पेटली.

"झोपेसाठी बंद करायचो," मालक म्हणाला. "वाटलं, काय बिघडतंय." बायकोकडे बघायचं त्याला धाडस होईना. बहिणीची उलटी केलेली पिशवी आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो तसाच बहिणीकडे गेला. माफीचे शब्द वाटेत घोकले होते. तिने दार उघडलं, त्याचा चेहरा पाहिला.

"आत ये," ती म्हणाली. "झोप लागते का रे आता?"

त्याला मान वर करता आली नाही.