फळीवरचा टीव्ही

दसरा झाला की पाथर्डीकडच्या त्या गल्लीत माणसांपेक्षा कुलपंच जास्त दिसतात. मुकादमाचे ट्रक येतात, ऊसतोडीला निघालेले संसार पोराबाळांसकट, शेळ्यांसकट वर चढतात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या कमरेला शेजाऱ्यांच्या किल्ल्या. लंकाबाईच्या कमरेला यंदा शेजारच्या विजयमालेच्या घराची किल्ली होती. "मावशी, सांजंला देवापुढं दिवा तेवढा लावत जावा," एवढंच ती सांगून गेली होती. किल्ली ज्याच्याकडं, घराची अब्रू त्याच्याकडं. तिकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही.

आणि लंकाबाईनं नेमकी तीच घालवायची वेळ आणली. कशापायी? तर एका मालिकेपायी!

हसू नका. वर्षभर रोज सात वाजता ती बाई त्या मालिकेपुढे बसत होती. एका बंगल्यात माडीवर बंद खोली, आतून दार वाजतंय, आणि उघडायची कुणाची छाती होत नाही. आत मेलेली सून आहे की कुणी सोंग करतंय, यावर लंकाबाईची आणि विजयमालेच्या सासूची, रंगुबाईची, रोज जुंपायची. "आत खरीच हाय. बघशील तू," रंगुबाई मिसरी लावत म्हणायची. बिचारी श्रावणात गेली, पण दार काही उघडलं नाही. शेवटी येत्या गुरुवारी उघडणार अशी जाहिरात लागली, आणि दोनच दिवस आधी लंकाबाईचा टीव्ही जळाला. नशीब म्हणतात ते हे.

विजयमालेच्या घरात फळीवर टीव्ही होता. वर फडकं टाकलेलं. दिवा लावताना लंकाबाईला रोज दिसायचा. गुरुवारी दुपारी गल्लीत चिटपाखरू नव्हतं तेव्हा तिनं तो पदराखाली घेऊन घरी आणला.

"याला चोरी म्हन्त्यात," तिनं सांगितल्यावर पुंजाराम म्हणाला. तिचा नवरा. डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता, डोळ्यांवर पट्टी बांधून खाटेवर पडून असायचा.

"चोरी कशाची? भाग संपला की न्हिऊन ठिवते. तुमी गप पडा."

सात वाजले. दार उघडलं. आणि आत कोण? धाकटी जाऊ! तोंडाला पावडर फासलेली, खोटे केस, हातात काठी. वर तिनं हात जोडून इस्टेटीचं रडगाणं लावलं.

"मुडदा बशिवला ह्यांचा! वरीसभर येड्यात काढलं आमाला," लंकाबाई कडाडली. "ह्याच्यासाठी मी चोरटी झाले व्हय?" तिनं रागानं पिन उपसून काढली. रंगुबाईची आठवण येऊन तिला उगाच वाईटही वाटलं. वाद जिंकला, पण ते सांगायचं कुणाला!

घरात शांत झालं. आणि भिंतीपलीकडून मालिकेचं तेच संगीत सुरू झालं.

लंकाबाई जागीच थांबली. मधली भिंत दोन्ही घरांची एकच, पलीकडे भांडं पडलं तरी इकडे कळायचं. पलीकडे कुणीतरी दार वाजवत होतं. थांबून थांबून... तीनदा.

"अवं, ऐकू येतंय का?"

"येतंय की. मोबाईलवर लावलं आसंल कुनीतरी."

कुणीतरी म्हणजे कोण, हे सांगायला नको होतं. मच्छिंद्र! विजयमालेचा चुलतदीर. किल्ली आपल्याला दिली नाही म्हणून दसऱ्यापासून फुगलेला. जाता-येता लंकाबाईकडे डोळे बारीक करून बघायचा. त्याच्याकडे दुसरी किल्ली असणार. आत बसलाय, मोकळी फळी बघितलीय, आणि मुद्दाम तीच मालिका लावून आपल्याला खिजवतोय. उद्या गावभर करील, लंकी चोर हाय म्हणून. चाळीस वर्षांत तिनं कुणाचं वाटीभर पीठसुद्धा ठेवून घेतलं नव्हतं.

ती तशीच उठली. शेजारचं कुलूप जसंच्या तसं होतं. कडी गार. किल्ली फिरवली तसा आतला आवाज बंद झाला.

"मच्छिंद्र... भाईर ये. म्या बघितलंय तुला."

आत बंद घराचा कुबट वास, आणि त्यात दुसराही एक. मिसरीचा. तव्यावरून नुकतीच उतरवल्यासारखा ताजा. तिनं मोबाईलची बॅटरी कोपऱ्याकोपऱ्यात फिरवली. कणगीमागे बघितलं, मागचं दार बघितलं, कडी आतून लागलेली. घरात कुणी नव्हतं. नुसती ती मोकळी फळी.

गेला असेल पळून, तिनं मनाशी म्हटलं. कसा, ते तिला उमजेना. पण त्यानं विजयमालेला फोन करायच्या आत आपणच कबूल केलेलं बरं. तिनं तिथूनच फोन लावला.

"विजे, माझी चूक झाली बाई. तुजा टीव्ही म्या इचारल्याबिगर घरी न्हेला. आता आनून ठिवते. मच्छिंद्र काय बी सांगंल, तू..."

"कुठला टीव्ही, मावशी?"

"फळीवरला."

तिकडे विजयमाला हसली. "चेष्टा करताय व्हय? टीव्ही तर आमी संगंच आनलाय. हितं कारखान्यावर पाचटाच्या कोपीत लावलाय, ह्यो समोर. आन् मच्छिंद्रभावजी बी काल आलंय हितंच. घराची फळी आमी मोकळी करूनच निघालो हुतो."

चोरीचा डाग टळला. लंकाबाईनं एक श्वास सोडला, एकच. मग तिच्या ध्यानात आलं की आपण पदराखाली घालून काहीतरी घरी नेलंय, आणि त्याच्यापुढे आपला डोळ्यांवर पट्टी बांधलेला नवरा एकटा पडलाय.

तेवढ्यात भिंतीपलीकडून, तिच्याच घरातून, ते संगीत लागलं.

"लंके..." पुंजारामचा आवाज आला, अगदी खुशीतला. "अगं, परत लागलंय बघ. ये लवकर. तू आल्याबिगर दार उघडायचं न्हाई म्हन्ती ती."