निळ्या चौकोनाचा खुलासा

पहिली भेट झाली तीच मुळी धडकेने. गंगाखेडच्या एका सरकारी कचेरीत, पायरीला लागून, दिव्यांगांच्या गाडीसाठी रंगवलेला एकच निळा चौकोन होता. त्यात डावीकडून तिथेच नोकरीला असलेल्या राजेश्रीची स्कूटी शिरली आणि उजवीकडून अगदी तशीच दुसरी. दोन्ही स्कूट्यांना मागे जोडलेली जादाची चाकं एकमेकांवर आपटली... खट्ट!

"ओ, ही जागा दिव्यांगांची हाय," राजेश्री म्हणाली.

समोरच्या पोराने सावकाश दोन कुबड्या काढल्या. "मग मी काय सत्यनारायणाला आलोय?"

हा हरिओम. पूर्णेहून बदलून आलेला नवा क्लार्क.

"सर्टिफिकेटवर टक्के किती?" राजेश्रीने कडक आवाजात विचारलं. तिच्या डाव्या पायाला आधाराचा लोखंडी कॅलिपर होता, आवाजाला काहीच नव्हतं.

"पंचावन्न. तुमचे?"

"बासष्ट."

"फर्स्ट क्लास! अभिनंदन, मॅडम."

तिला हसू आलं, पण प्रश्न जागेचा होता. म्हणून तिने ते गिळलं.

भांडण साहेबांपर्यंत गेलं. साहेबांनी तोडगा काढला: विषम तारखेला राजेश्री, सम तारखेला हरिओम. ज्याची तारीख नसेल त्याने गाडी फाटकाबाहेर लिंबाखाली लावायची आणि दोनशे पावलं चालायची. एकतीस आणि एक असे सलग दोन दिवस मॅडमचे येतात, यावर हरिओमने लेखी हरकत घेतली. ती फाइल अजून फिरतेय.

पुढच्या सम तारखेला राजेश्रीने लिंबाखाली गाडी लावली, तर शेजारी हरिओमची गाडी उभी.

"आज तुमची तारीख हाय की!"

"हाय... पण तिथं गाडीला ऊन लागतं."

दुसऱ्या दिवशी तारीख तिची होती. चौकोन निळाशार, रिकामा. ती फाटकापर्यंत आली, थबकली... आणि लिंबाखाली वळली.

"आज कामून इथं?" हरिओमने विचारलं.

"तिथं... कावळे लय हायेत."

कावळे लिंबावर होते. चौकोनावर एकही नव्हता. पण हरिओमने मान डोलावली. दोघं चालू लागली. साखर कारखान्याचा सीझन होता. हवेत मळीचा गोडसर वास पसरलेला. कुबड्यांची टक-टक, कॅलिपरची खट-खट.

"जरा हळू चाला की मॅडम," तो म्हणाला.

राजेश्री दोन पावलं तशीच गेली आणि थांबली. आयुष्यात तिला 'हळू चाला' असं पहिल्यांदाच कुणी म्हणालं होतं. त्या दिवशी तिला जेवणच गेलं नाही.

मग सम काय नि विषम काय. दोनशे पावलांना आधी दहा मिनिटं लागत, मग वीस, मग पस्तीस. पावलं तेवढीच होती. बोलणं वाढलं होतं. चौकोन मात्र रोज रिकामा. आणि वॉचमन बजरंगमामा इतके प्रामाणिक, की रोज वहीत लिहीत, 'जागा रिकामी.' तीन महिन्यांनी ती वही साहेबांनी वाचली. दोघांना नोटीस आली: जागा वापरात नसल्याने ती रद्द करून कार्यालयाच्या जीपला का देऊ नये, याचा खुलासा दोन दिवसांत करावा.

राजेश्रीला वाईट वाटलं. जागा जाणार म्हणून तर होतंच. पण दुसरंच काहीतरी जास्त टोचत होतं. लहानपणापासून लोकांनी तिला बसमध्ये जागा दिली होती, रांगेत पुढे सोडलं होतं, वर "अरेरे" म्हणून. हरिओमचंही तसलंच असेल तर?

"खरं सांगा," तिने विचारलं. "तुमी माझ्या पायाकडं बघून जागा सोडली का?"

हरिओम कुबडीचं रबर दाबत बसला. "लेखी देतो," म्हणाला.

"तोंडाला काय झालं?"

"तोंडानं मी नेहमी भलतंच बोलतो. ऊन लागतं, म्हणतो."

आवक नोंदीचं टेबल राजेश्रीचंच. त्यामुळे त्याचा खुलासा दुसऱ्या दिवशी तिच्याच पुढ्यात आला.

'महोदय, सदर जागा मी दयेपोटी सोडलेली नाही. चालण्याचा मला त्रास होतो. तथापि, कु. राजेश्री यांच्या सोबतीने सदर दोनशे पावलं फारच कमी पडतात. सबब, फाटक आणखी लांब नेता येईल काय, याचा विचार व्हावा.'

तिने तीनदा वाचला. आवकचा शिक्का उलटा मारला. मग स्वतःच्या खुलाशाचा कोरा कागद घेतला, बराच वेळ पेन चावलं आणि त्यावर एकच ओळ लिहिली: 'श्री. हरिओम यांच्याप्रमाणेच.'

साहेबांनी दोघांना आत बोलावलं. दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे जागा नकोच ना तुम्हाला?"

"पाहिजे, साहेब," राजेश्री म्हणाली. "चालतोय ते आमच्या हौसेनं. पाय दुखल्यावर, चिखल झाल्यावर काय करायचं? जागा हक्काची हाय. जीपला न्हाई मिळायची."

साहेब जीपसाठी क्षणभर हळहळले. "बरं, राहू द्या. तशी एक पुरे. उद्या लग्न झालं की याल एकाच गाडीवर."

"न्हाई साहेब. माझी गाडी मीच चालवणार. दोन जागा लागतील."

साहेबांनी कागदावर 'दोन' लिहून सही ठोकली. हरिओमच्या हातातली एक कुबडी धाडकन खाली पडली.

ती उचलून देत राजेश्री बाहेर आली. व्हरांड्यात तो तिच्याकडे बघेना.

"मॅडम... साहेब दोन गोष्टी बोलले."

"मग?"

"तुमी एकीलाच न्हाई म्हणलात. दुसरी... ती लग्नाची..."

"लेखी पाहिजे का?"

"न्हाई, न्हाई. तोंडी चालंल."

राजेश्रीने आजूबाजूला पाहिलं. मग भर कामाच्या वेळेत, साहेबांच्या दारासमोर, कसलीही नोंद न करता ती "हो" म्हणाली.