भूल देणारा दुसरा माणूस

मालतीला गर्भपिशवीच्या ऑपरेशनसाठी आत न्यायला स्ट्रेचर आलं, तेवढ्यात नागपूरचे भूलतज्ज्ञ डॉ. दत्तात्रय पोचले. मालतीचा नवरा वामन त्यांच्यासमोर हात जोडून म्हणाला, "साहेब, तुमची फी सकाळीच देल्ली. आता हिले सांभाळा."

डॉक्टर थबकले. "कोणाला दिली? मी आत्ताच गाडीतून उतरलो."

सौंसरच्या त्या खासगी दवाखान्यात सब-इन्स्पेक्टर जयश्री आली, तेव्हा वामन भिंतीला टेकून उभा होता. बोरगावच्या कारखान्यातून उचल घेऊन आणलेले पंधरा हजार गेले होते. काउंटरवरच्या अमितानं सांगितलं, भुलीची फी पॅकेजमध्येच धरलेली असते. वामनला हे कोणी बोललंच नव्हतं. भावाच्या वेळी नागपुरात भूलवाल्यानं वेगळे पैसे घेतले होते, म्हणून त्याला शंका आली नाही.

"माणूस कसा होता?" जयश्रीनं विचारलं.

"तोंडाले मास्क, डोक्यावर टोपी. हिरवा गाऊन, नवाकोरा. चालताना कागदावानी वाजे."

"काय म्हणाला?"

"बाईले दमा हाय, साधी भूल चालनार नाही. भारी औषध लागन, त्याचे पैसे वेगळे."

सगळ्यांचा संशय वॉर्डबॉय प्रवीणवर गेला, कारण गाऊन त्याच्या ताब्यात असत. त्यानं कपाट उघडून दाखवलं. सगळे कापडी, धुऊन धुऊन मऊ पडलेले.

स्ट्रेचर दारातच अडून होतं. सर्जन पुन्हा पुन्हा विचारत होते, सुरू करायचं की नाही. जयश्रीनं भूलतज्ज्ञांना विचारलं, दम्याच्या पेशंटला खरंच वेगळी भूल लागते का?

"दमा कोणाला?" डॉक्टर दचकले. "काल मी यांनाच फोनवर विचारलं, तर नाही म्हणाल्या."

मालती रडायला लागली. ऑपरेशन रद्द होईल या भीतीनं तिनं दमा लपवला होता, नवऱ्यालाही गप्प बसवलं होतं. दवाखान्यात कोणालाच सांगितलं नव्हतं. मग तिची मुलगी सोनाली हळूच म्हणाली, काल संध्याकाळी तिनं एकटीनंच खालच्या औषधाच्या दुकानातून दम्याचा पंप आणला होता. कोणासाठी, असं दुकानदारानं विचारलं, तेव्हा तिनं आईचा दमा, आजचं ऑपरेशन, सगळं सांगितलं.

जयश्री खाली गेली. परतली ती दुकानदार हर्षलला घेऊन.

"खऱ्या डॉक्टरांना जे ठाऊक नव्हतं, ते खोट्या डॉक्टरला ठाऊक होतं," ती म्हणाली. "ते याला सोनालीकडून कळलं. वापरून फेकायचे कागदी गाऊन हाच विकतो, एक पाकीट फोडलेलं सापडलं. नागपूरचे डॉक्टर ऐनवेळी येतात, पेशंटच्या माणसांनी त्यांना पाहिलेलं नसतं. वामननं यालाही पाहिलं नव्हतं. पैसे गल्ल्याखाली होते."

हर्षलनं मान खाली घातली.

डॉक्टरांनी ऑपरेशन थांबवलं होतं. आधी छाती बरी करू, मग फक्त कमरेखालचा भाग बधिर करू, असं ते मालतीला समजावत होते. आज ठरल्याप्रमाणे पूर्ण बेशुद्ध केलं असतं, तर टेबलावरच श्वास अडकायची भीती होती.

वामननं ते ऐकलं आणि हर्षलवर हात उगारला.

"दम्यात भूल धोक्याची असते, तुले ठाऊक होतं?"

"होतं."

"मंग डॉक्टरले काऊन नाही सांगतलं?"

स्वतःचाच प्रश्न कानावर पडताच वामनचा हात आपोआप खाली आला. स्ट्रेचरवरून मालती त्याच्याकडेच बघत होती.